हसत हसत भरलेले अठ्ठेचाळीस फॉर्म

आमच्या समोरच्या दारातल्या वहिनींना सगळी गल्ली ‘कसंकाय वहिनी’ म्हणते. हे नाव मी ठेवलं. गल्लीतली निम्मी टोपणनावं माझ्या चष्म्याच्या दुकानात जन्माला आली आहेत, पण या नावाचा मला विशेष अभिमान होता. होता, म्हणतो. आता ते नाव कोणी मोठ्याने घेतलं की मी काउंटरखाली काहीतरी शोधायला वाकतो.

नाव पडायचं कारण साधं. ‘काय, कसं काय?’ असं आपण सगळेच एकमेकांना विचारतो आणि उत्तराची वाट न बघता पुढे जातो. वहिनी थांबतात. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात छत्री, तरी थांबतात आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहतात. मग त्या बिचाऱ्याला काहीतरी सांगावंच लागतं. पोस्टमनने त्यांना आपल्या टाचेचं सांगितलं. वरच्या मजल्यावरच्या आजींनी सुनेचं सांगितलं आणि सुनेने आजींचं. एकीचं दुसरीला आजवर कळलेलं नाही, कारण वहिनींच्या पोटात गोष्ट राहते. माझ्या पोटात फक्त जेवण राहतं.

त्यांचे यजमान पाण्याचे मीटर वाचतात. दिवसभर लोकांच्या दारामागे वाकून आकडे टिपलेला माणूस घरी येऊन बायकोकडेही तसंच बघतो, मनात नोंद करतो आणि काही न बोलता आत जातो. मुलगी परगावी शिकते. त्यामुळे वहिनींचं बोलणं ऐकायला घरात कोणी नाही आणि समोरच्या दारात मी असतो. आमची बायको म्हणते, त्या बोलायला येतात आणि तुम्हीच बोलता. खोटं नाही.

वहिनी कॅन्सरच्या इस्पितळात बावीस वर्षं टेलिफोनच्या बोर्डावर होत्या. ‘नमस्कार, कोणाशी बोलायचंय?’ हे वाक्य त्यांनी किती वेळा म्हटलं असेल, त्यांच्या मीटरवाल्या नवऱ्यालाही मोजता येणार नाही. समोरून नुसतं ‘हॅलो’ आलं तरी माणसाला कुठला वॉर्ड हवाय, बातमी कसली आहे, हे आपल्याला कळतं, असं त्या सांगत. “आवाज खोटं बोलत नाही, भावजी,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. मग तो बोर्ड गेला, फोन आपले आपण जोडले जाऊ लागले, आणि वहिनींना इस्पितळातल्या संशोधन विभागात पाठवलं. तिथल्या मोठ्या बाईंना पेशंटजवळ बसून प्रश्न विचारणारं कोणीतरी हवं होतं.

ते प्रश्न म्हणजे एक तीस प्रश्नांचा फॉर्म. दोन कागद, पाठपोट. गेल्या आठवड्यात तुम्हाला दुखलं का? थकवा आला का? झोप लागली का? जिना चढवला का? घरच्यांबरोबर वेळ घालवताना अडचण आली का? प्रत्येक प्रश्नापुढे चार चौकटी: अजिबात नाही, थोडं, बरंच, फार. त्यातल्या एकीत खूण करायची. आजारी माणूस किती दिवस जगला हे डॉक्टर मोजतातच, पण ते दिवस कसे गेले हे मोजायला हा फॉर्म. मूळ परक्या भाषेतला. एकाने आपल्या भाषेत आणला, दुसऱ्याने मूळ न बघता तो उलटा परक्या भाषेत नेला, मग दोन्ही शेजारी ठेवून चार जण महिनाभर भांडले. एवढं झाल्यावरही तो वापरायचा नाही. आधी तो नीट मोजतो का, हे तपासायचं. वहिनींचं काम ते होतं.

“वजनकाटा आणला की आधी त्यावर माहितीतलं वजन ठेवून बघतात ना, तसं,” त्या माझ्या दुकानात स्टुलावर बसून सांगत होत्या. “एका माणसाने आज फॉर्म भरला. दोन आठवड्यांनी, तब्येत तशीच असताना, परत भरला. तर उत्तरं जवळपास तीच यायला हवीत. नाही आली तर काटा बिघडलेला.”

“हे तर आम्ही रोज करतो,” मी म्हटलं. आणि खरंच करतो. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंग लावायचं, विचारायचं, आता कसं दिसतंय? तो म्हणतो, छान. भिंग काढायचं, पुसल्यासारखं करायचं, आणि तेच परत लावायचं. आता? तो म्हणतो, आता आणखी छान. मग समजायचं, हा माणूस भिंगातून बघत नाहीये, माझ्या तोंडाकडे बघतोय. त्याला वाटतंय, मी एवढा खटाटोप करतोय तर याला नाही कसं म्हणायचं.

वहिनी हसल्या. मीही हसलो. चहा आला, तो प्यायलो, आणि ती गोष्ट आम्ही दोघांनी कपाबरोबर ठेवून दिली. हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की मला माहीत नव्हतं.

पहिले तीन आठवडे वहिनींचे वाईट गेले. बोर्डावर बसून बोललेल्या बाईला समोर माणूस असायची सवय नव्हती. त्या इस्त्रीची साडी नेसून, छातीशी पॅड धरून, परीक्षेला आल्यासारख्या खाटेजवळ उभ्या राहायच्या. पेशंट भिंतीकडे तोंड फिरवायचे. एक बाई म्हणाली, मला दुखतंय का ते लिहून तुम्ही काय करणार, फ्रेम करून लावणार? दहातले चार फॉर्म अर्धवट राहिले. मोठ्या बाईंनी बोलावून सांगितलं की असंच चाललं तर दुसरं कोणीतरी बघावं लागेल.

“म्हणजे मला परत कुठल्या तरी बंद पडणाऱ्या खात्यात टाकणार,” वहिनी जिन्यात म्हणाल्या. “भावजी, लोक माझ्याशी फोनवर किती बोलायचे.”

अशा वेळी शेजाऱ्याने गप्प बसावं. मी सल्ला दिला. मी म्हटलं, वहिनी, तुम्ही तोंड एवढंसं करून जाता, मग तो आजारी माणूस तुमचंच सांत्वन करायला बघतो. आधी त्याला हसवा. हसलेला माणूस दार उघडतो. मग खुशाल आत जा आणि काय विचारायचं ते विचारा.

एवढं सांगून थांबलो असतो तरी चाललं असतं. मी त्यांना तालीम दिली. प्रत्येक प्रश्नाला एकेक जोड. जिना चढवला का, असं विचारायच्या आधी सांगायचं की आमच्या घरचे पंख्याच्या बटणापर्यंत जायलाही सोबत मागतात. भूक लागली का, याच्या आधी सांगायचं की समोरच्या भावजींची भूक मोजायची तर वेगळा फॉर्म छापावा लागेल. माझी चेष्टा मीच लिहून दिली, त्यात मला वेगळी मजा. वर पेशंट चष्मा घरी विसरतात म्हणून दुकानातले जुने वाचायचे चष्मे एका डब्यात घालून दिले. त्यात एक गुलाबी, मांजरीच्या डोळ्यांसारखा होता. तो कुठल्याही आजोबांच्या नाकावर चढवला की अख्खी खोली हसायची.

महिनाभरात वहिनी त्या वॉर्डाची राणी झाल्या. त्या दारात आल्या की लोक उशा सरळ करून बसायचे. कोणी आधीच ओरडायचं, आज भावजींनी काय खाल्लं? फॉर्म सगळे पूर्ण, एकही चौकट रिकामी नाही. मोठ्या बाईंनी दोन परगावच्या पाहुण्यांना त्यांचं काम मुद्दाम दाखवलं. वहिनी जिना चढताना गाणं गुणगुणायला लागल्या. त्यांच्या नवऱ्याने एकदा मला जिन्यात थांबवून, आपण होऊन, एक पूर्ण वाक्य म्हटलं: “घरात बरं वाटतंय हल्ली.” मी त्या दिवशी स्वतःवर इतका खूश होतो की बायकोने विचारलं, कोणाचं नाव ठेवून आलात?

आता शिंपीकाका.

गल्लीच्या तोंडाशी, तळमजल्यावर, पुढच्या खोलीत मशीन आणि मागच्या खोलीत संसार, असे आमचे शिंपीकाका राहतात. या गल्लीतल्या प्रत्येकाचं कंबरेचं माप त्यांच्या वहीत आहे आणि गेल्या वर्षीचं खोडून नवं लिहिताना ते तोंडाने ‘च्यक’ करतात, एवढाच त्यांचा क्रूरपणा. त्यांना आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, औषधं सुरू झाली, आणि तपासणीला जाता येता ते वहिनींच्या फॉर्मात आले. अठ्ठेचाळिसावा फॉर्म त्यांचा.

ओळखीचा माणूस, त्यात जात्याच थट्टेखोर. वहिनींनी गुलाबी चष्मा काढला तर काकांनी तो घालून टेप हातात धरल्यासारखं करत नर्सबाईंचं माप घ्यायला सुरुवात केली. बाजूच्या खाटेवरच्या माणसाला हसता हसता खोकला लागला. त्या हशात तीस प्रश्न कधी झाले ते कळलंसुद्धा नाही. दुखलं का? “अजिबात नाही.” दुखण्याने रोजच्या कामात अडथळा आला? “अजिबात नाही. काम आहेच कुठे, अडथळ्यालाच सुटी दिलीय.” झोप? “बाळासारखी.” वहिनींनी खुणा त्यांच्याकडूनच करून घेतल्या, नियमाप्रमाणे. हात काकांचा होता. समोर तोंड वहिनींचं होतं.

बाहेर व्हरांड्यात काकांचे डॉक्टर घाईत जात होते. त्यांनी चालता चालता विचारलं, आमचे शिंपी काय म्हणतायत? दुखण्याच्या गोळ्या वाढवायच्या का, असा विचार चाललाय. वहिनी म्हणाल्या, “नको असं वाटतं, डॉक्टर. अजिबात दुखत नाही म्हणाले. आवाजही चांगला खणखणीत आहे.” खरं म्हणजे ते फॉर्म डॉक्टरांना सांगण्यासाठी नसतात. पण बावीस वर्षं फोन जोडलेल्या बाईने एकाचा निरोप दुसऱ्याला दिला, एवढंच तिला वाटलं. डॉक्टरांनी मान हलवली. गोळ्या होत्या तेवढ्याच राहिल्या.

संध्याकाळी मी त्यांना दारात गाठलं. “शिंपीकाकांचं काय?”

“ते सांगता येत नाही भावजी. गुपित असतं.”

“असू दे गुपित. तोंड कशाला लपवता? तुमच्या तोंडावर लिहिलंय.”

वहिनी हसल्या. “काळजी करू नका. दुखत नाही म्हणतात.”

एवढंच म्हणाल्या. बावीस वर्षांत त्यांच्या तोंडून बाहेर पडलेली ही एकच गोष्ट असेल, आणि पडली ती माझ्या ओंजळीत. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी ती दुकानात आलेल्या सगळ्यांना वाटली. नुसती नाही, मसाला लावून. म्हटलं, अहो लेखी आहे, इस्पितळाच्या कागदावर आहे, अजिबात दुखत नाही. काका ठणठणीत आहेत, उगीच लोकांचे कपडे परत पाठवू नका. लोकांना बरं वाटलं. तीन महिने अडलेली कामं घेऊन ते काकांकडे गेले. कोणाचे परकर, कोणाची शाळेची दप्तरं. मी स्वतः दोन पॅन्टी कंबरेत सैल करायला टाकून आलो. काकू दारात उभ्या होत्या. काकांनी माप घेतलं, ‘च्यक’ केलं, आणि म्हणाले, ठेवा, होऊन जाईल.

दोन आठवड्यांनी दुसऱ्या फेरीचे फॉर्म भरून घ्यायची वेळ आली आणि नेमक्या वहिनी तापाने पडल्या. त्यांच्या जागी रेकॉर्डरूममधले एक गृहस्थ पाठवले. त्यांना इस्पितळात सगळे ‘लोखंडी कपाट’ म्हणतात. हे नाव मी ठेवलेलं नाही, पण ठेवलं असतं. हे कपाट वॉर्डात गेलं, पेशंटच्या हातात कागद आणि पेन दिलं, “भरा, मी बाहेर आहे,” म्हणालं, आणि बाहेर जाऊन पाठ करून पेपर वाचत बसलं. त्या आठवड्यात त्याने अकरा फॉर्म भरून घेतले. गुलाबी चष्मा डब्यातून बाहेरही आला नाही.

वहिनी बऱ्या होऊन कामावर गेल्या त्या दिवशी दुपारीच परत आल्या. मी जेवायला वर चाललो होतो. त्यांना जिन्यात बघितलं आणि सवयीप्रमाणे, दोन मजले ऐकतील अशा आवाजात म्हटलं, “काय कसंकाय वहिनी, आज कोणाला हसवून आलात?”

त्या पायरीवर बसल्या. छत्री बाजूला ठेवली. तोंड इतकं उतरलेलं की माझ्या जिभेवर पुढचा विनोद तयार होता तो मी गिळला. गिळायला उशीरच झाला होता.

मग त्यांनी सांगितलं. मोठ्या बाईंनी सकाळी दोन गठ्ठे टेबलावर ठेवले होते. एक वहिनींचा, एक कपाटाचा. तीच अकरा माणसं. अकरातल्या आठ जणांची उत्तरं बदललेली, आणि सगळ्यांची एकाच दिशेने. वहिनींसमोर ‘अजिबात नाही’, कपाटाच्या पाठीमागे ‘बरंच’ आणि ‘फार’. तब्येत मध्यंतरी बिघडली का, असाही एक प्रश्न दुसऱ्या फॉर्मात असतो. आठही जणांनी लिहिलं होतं, नाही, पहिल्यासारखीच.

“बाईंनी आधी विचारलं, काटा बिघडलाय का,” वहिनी म्हणाल्या. “मी हो म्हणणार होते. मग त्यांनी दुसऱ्या वॉर्डातले, पेशंटनी दोन्ही वेळा एकट्याने भरलेले फॉर्म दाखवले. ते ठीक आहेत. काटा ठीक आहे भावजी. मी बसले होते त्यावर.”

मी त्यांच्या खालच्या पायरीवर बसलो.

“शिंपीकाकांचा पण आहे त्यात. दुखलं का, ‘फार’. कामात अडथळा, ‘फार’. झोप नाही, ‘फार’. खाली एक ओळ लिहायला जागा असते, तिथे त्यांनी लिहिलंय...” त्या थांबल्या. “नाही. ते सांगता येत नाही.”

या वेळी मी विचारलं नाही.

“आणि मी डॉक्टरांना सांगितलं, नको म्हणून. तोंडाने सांगितलं. आवाज खणखणीत आहे म्हणून सांगितलं.” त्या दोन्ही हातांनी साडीचा काठ सरळ करत होत्या, परत परत. “तीन आठवडे झाले. माझ्या नकोमुळे तो माणूस तीन आठवडे...”

मला आधी आठवलं ते भिंग. तेच भिंग दोनदा लावायचं, आणि जो जास्त हसून ‘छान’ म्हणतो त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे मी तीस वर्षं पोटासाठी करत आलोय. आणि त्याच तोंडाने या बाईला सांगितलं, आधी हसवा. मग आठवल्या त्या माझ्या पॅन्टी.

“मी आत्ता जाते त्यांच्याकडे,” वहिनी उठल्या.

“मीही येतो.”

“तुम्ही कशाला?”

“पॅन्टी आणायच्यात,” मी म्हटलं. इतकी केविलवाणी सबब मी शाळेतही दिली नव्हती.

वाटेत मी त्यांना भिंगाचं बोललो. म्हटलं, वहिनी, मला कळायला हवं होतं. त्या म्हणाल्या, “मलाही आठवलं. बाईंच्या टेबलापाशीच आठवलं. मीही हसले होतेच की.” त्यांनी मला दोष दिला असता तर चालणं सोपं झालं असतं.

काकूंनी दार उघडलं. पुढच्या खोलीत मशीन उघडं होतं, त्यावर कोणाचा तरी अर्धा परकर. काका मशीनसमोर नव्हते. कापड बेतायच्या मोठ्या फळीवर कुशीवर पडले होते, गुडघे पोटाशी, डोक्याखाली लोकांच्या कपड्यांचं गाठोडं. आम्हाला बघितलं आणि त्यांचं तोंड लगेच हसरं झालं. ते मी डोळ्यांनी बघितलं. दिव्याचं बटण दाबावं तसं. आणि त्या क्षणी मला कळलं की हे हसणं ते गेल्या कितीतरी दिवसांत दारात आलेल्या प्रत्येकासाठी लावत होते, माझ्यासाठीसुद्धा.

“या, या. गुलाबी चष्मा आणला का?”

“काका,” वहिनी म्हणाल्या, “माझं चुकलं.”

“अरे बापरे. काय झालं?”

“तुम्हाला एवढं दुखत होतं आणि मी तुम्हाला हसवत बसले. आणि डॉक्टरांना सांगितलं, दुखत नाही.”

काका हसतच होते. “अगं, तू कुठे सांगितलंस, मी सांगितलं. तू एवढी नटून हसत आलीस. बाजूचा तो खोकल्याचा माणूस महिनाभरात पहिल्यांदा हसला होता. त्यात मी ‘फार’वर खूण करायची म्हणजे भरल्या बसमध्ये ब्रेक मारण्यासारखं. तुझं तोंड उतरलं असतं.”

“उतरू द्यायचं होतं,” काकू मागून म्हणाल्या. इतका वेळ त्या दारालाच टेकून होत्या. “तिचं तोंड उतरलं असतं तर चढलं असतं परत. बाई, तुम्ही चांगल्या आहात, मला माहीत आहे. पण हे तुमच्यासमोर हसायचे आणि घरी येऊन या फळीवर पडायचे. मी म्हणायची, सांगत का नाही? तर म्हणायचे, ती हसवते गं, तिला कशाला नाराज करू. आम्हाला हसवणारी माणसं आहेत गल्लीत. भरपूर आहेत.”

त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. बघायची गरजही नव्हती.

“आणि हे कपडे,” त्या पुढे म्हणाल्या. “कुणीतरी सांगितलंय म्हणे, लेखी आहे, काही दुखत नाही. मग माणसं येतात. आलेल्याला हे नाही म्हणत नाहीत. सांगा, कुणी सांगितलं?”

वहिनींची मान खाली गेली. मला वाटलं होतं, त्या माझ्याकडे बघतील. त्यांनी बघितलं नाही. तेव्हा मग मला बोलावंच लागलं.

“मी सांगितलं, काकू. माझ्या दुकानातून गेलं ते.”

काकूंनी मान हलवली, म्हणजे माहीत होतं. काका फळीवरून उठायला लागले, एका हाताने पोट धरून, आणि खुंटीवरची माझी पॅन्ट काढून दिली. “एकच झालीय तुमची. दुसरीला जरा थांबा.” मी ती घेतली. शिवणीवरून अंगठा फिरवला. काकांची शिवण म्हणजे पट्टीने आखलेली. ही मध्येच वाकडी जाऊन परत सरळ आली होती, दोन ठिकाणी. कुठे कळ आली असेल ते त्या दोऱ्यात लिहिलं होतं आणि कोणीही वाचू शकला असता. चष्मा न लावता.

वहिनी तिथून थेट इस्पितळात गेल्या, काकूंना बरोबर घेऊन. डॉक्टरांना म्हणाल्या, मी तुम्हाला त्या दिवशी सांगितलं ते चूक होतं, मला ते सांगायचा अधिकारही नव्हता, आता यांना विचारा. आणि स्वतः बाहेर गेल्या. काकू आत वीस मिनिटं बोलल्या. त्याच दिवशी औषध बदललं. दोन दिवसांनी काका चार तास सलग झोपले, असं काकूंनी आमच्या बायकोला सांगितलं. बायकोने मला सांगितलं आणि वर म्हणाली, हे दुकानात न्यायचं नाही. नेलं नाही.

मोठ्या बाईंच्या बैठकीत वहिनींनी स्वतःच उभं राहून सांगितलं की माझे अठ्ठेचाळीसही फॉर्म बाजूला काढा, फक्त ते अकरा नाही. कोणीतरी म्हणालं, सगळेच कशाला, काही खरे असतील. वहिनी म्हणाल्या, कुठले खरे ते मला ओळखता येत नाही, म्हणून सगळे. आवाजावरून ओळखते असं वाटायचं, ते आता वाटत नाही. बाईंनी ते फॉर्म फाडले नाहीत, वेगळ्या पाकिटात ठेवले. म्हणाल्या, यातूनही कळलं काहीतरी, आपल्या अहवालात हे लिहावं लागेल. माझं नाव घालू नका, एवढंच वहिनींनी मागितलं. आठ महिन्यांचं काम परत पहिल्यापासून.

वहिनींना काढलं नाही. नवा नियम केला: पेशंटला कागद द्यायचा, पेन द्यायचं, लागला तर साधा चष्मा द्यायचा, ठरलेली तीन वाक्यं बोलायची आणि खोलीच्या बाहेर जायचं. भरलेला फॉर्म पेशंटने घडी करून स्वतः पेटीत टाकायचा. गुलाबी चष्मा त्यांनी मला परत आणून दिला, पुसून. आता त्या दाराबाहेरच्या बाकावर पाठ करून बसतात. कपाटाने त्यांना अर्धा पेपर वाचायला द्यायला सुरुवात केली आहे. वहिनी म्हणतात, पहिल्या दिवशी आतून कण्हण्याचा आवाज आला आणि आपण दोन्ही हातांनी बाक धरून ठेवला, आत जाऊन काहीतरी मजेदार बोलू नये म्हणून.

ते नाव मात्र गेलं नाही. मी सोडलं, गल्लीने सोडलेलं नाही. शाळेतून येणारी पोरं खालून ओरडतात, कसंकाय वहिनी. त्या अजूनही थांबतात, वळून बघतात. पण पूर्वीसारख्या उत्तराची वाट बघत नाहीत, चटकन आत जातात. एकदा मी पोरांना दटावलं तर एक म्हणालं, तुम्हीच तर ठेवलंय काका. मी आत येऊन काचा पुसत बसलो.

गेल्या आठवड्यात शिंपीकाका दुकानात आले. चालत आले, काकूंच्या खांद्यावर हात ठेवून, पण चालत. त्यांना परत फॉर्म भरायचा होता, वहिनींच्या नव्या यादीत त्यांनी आपण होऊन नाव दिलं होतं. अक्षरं बारीक, त्यांच्या जुन्या चष्म्यातून सतराव्या प्रश्नाच्या पुढे डोळे थकून सगळं पुसट व्हायचं.

खुर्चीत बसवलं, हातात बारीक अक्षरांचा तक्ता दिला. भिंग लावलं. “आता कसं दिसतंय?”

“छान,” काका म्हणाले आणि हसले.

मी भिंग काढलं, पुसल्यासारखं केलं, तेच परत लावलं. या वेळी मी त्यांच्याकडे बघितलं नाही. पाठ करून पेटीतल्या फ्रेमा सारख्या करत उभा राहिलो, त्या लोखंडी कपाटासारखा. माझ्या अंगावर तीच पॅन्ट होती, वाकड्या शिवणीची. दुसरी मी शिवायला दिलेली नाही. हीसुद्धा उसवून नीट करून घेतलेली नाही.

मागे खुर्ची करकरली. मग काकू हळूच म्हणाल्या, “अहो, सांगा की.”

“नाही दिसत,” काका म्हणाले. “शेवटच्या दोन ओळी अजिबात नाही दिसत.”

मी वळलो आणि पेटीतून पुढच्या नंबरचं भिंग काढलं.